दुखणं पोटाचं

"माझं बोलणं अर्ध्यावर आलं की हे उठून चालायला लागतात. सुनांसमोर! पोटाशी हात धरून, पाठ फिरवून. जसा काही माझ्या आवाजानं यांच्या पोटात गोळाच येतो."

कुणी बसा म्हणण्याआधीच थोरलीनं खुर्ची ओढली होती. अख्खं घर तिला थोरली म्हणे, आणि तिच्या मते ते कमीच होतं. तिचा नवरा, गाद्या शिवणारा, तपासणीच्या टेबलावर उताणा पडून छताकडे बघत होता.

"बाबा, नुसती मान उचला," डॉक्टरीण म्हणाली.

त्यानं मान उचलली. बेंबी आणि छातीच्या मधोमध लिंबाएवढा उंचवटा वर आला. मान टेकवताच आत गेला.

थोरली खुर्ची ओढत टेबलाशी सरकली.

"इथल्या स्नायूंत फट पडली आहे. आतली चरबी तिथून डोकावते. हा हर्निया. गोळ्यांनी फट बुजत नाही, ऑपरेशन करून टाके घालावे लागतात. लागली तर जाळी बसवू. आणि गाठ कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र तडक निघून यायचं."

"पट्टा बांधतो की," गादीवाला म्हणाला. "दुकानात गाद्या कोण उचलणार?"

"उसवलेली गादी पट्टा बांधून देता का हो गिऱ्हाइकाला?" थोरली कडाडली.

त्यानं चटकन पोट दाबलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघा! बघा, हे असं!"

"बाबा, कधी जास्त दुखतं? वजन उचलताना?"

"तेव्हा दुखतंच."

"खोकताना?"

"त्याहून जरा जास्त."

"आणि सगळ्यांत जास्त?"

"ही तोंड उघडते तेव्हा."

थोरली ताडकन उभी राहिली. "ऐकलंत?"

"हसू येतं हो," तो भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला. "आवरत नाही. मग कळ येते. म्हणून उठून जातो."

उभी राहिलेली थोरली पुन्हा खुर्चीत टेकली. तो पाठ फिरवतो म्हणून इतके दिवस ती एकेका वाक्याला धार लावत आली होती. जितका तो पळे, तितकी जास्त.

"मग सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस."

खुंटीवरचा त्याचा सदरा तिनं काढला. सुलटाच होता, तरी उलटा करून पुन्हा सुलटा केला.

"या शुक्रवारी ऑपरेशनला घ्या यांना," ती डॉक्टरणीला म्हणाली. "गाद्या धाकटा लेक उचलेल. बसून बसून त्याचीच गादी झालीय."

टेबलावरून दाबलेलं हसू ऐकू आलं.

"आई, नंतर यांना वजन उचलू द्यायचं नाही. आणि टाके सुकेपर्यंत यांना हसवू नका."

थोरलीनं नवऱ्याला उठवून सदरा चढवला आणि ती बटणं लावू लागली. मधल्या बटणापाशी तिची बोटं मंदावली.

"ऐकलंत ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "आता टाके सुकेपर्यंत मी तुमच्याशी गोड बोलणार. भोगा!"