भुऱ्याच्या पोटातल्या कोया

भुऱ्याला पिल्लू असताना बोळ्यानं दूध पाजून जगवलं प्रयागबाईंनी, आणि मोठा झाल्यावर तो निजू लागला सुनेच्या दारात. उत्तरा मिरचीच्या गावची, भिवापूरची. पण बोलणं असं गोड की दोन वर्षांत सगळं घर तिचं झालं. मुलगा काय, लग्नात हातचा जातोच. पण कुत्र्यानंही दगा द्यावा? ते मात्र बाईंच्या जिवाला फार लागलं.

आमरसाचे दिवस आले आणि बाईंना युक्ती सुचली. रस पिळून झाला की सुनेची पाठ वळताच एक कोय मागच्या अंगणात भुऱ्यापुढे टाकायची. तोही लबाड. कोयीपुरता बाईंचा, एरवी सुनेचा.

चौथ्या दिवशी तो ओकू लागला, पोट टम्म फुगलं. सासू-सुनेनं सायकल-रिक्षात घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट फाडून तीन कोया काढल्या.

"आणखी एक दिवस गेला असता तर कुत्रा हाती लागला नसता," ते म्हणाले. "आता आठ दिवस फक्त पेज."

"माझंच चुकलं," उत्तरा रडू लागली. "कचऱ्याची बादली उघडी राहिली असन."

प्रयागबाईंनी तिला तसंच समजू दिलं. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

घरी उत्तरानं पेजेची वाटी पुढे केली की भुऱ्या तोंड फिरवायचा. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तो लटपटत उठला आणि थेट प्रयागबाईंपुढे येऊन बसला. बाईंनी बोटं पेजेत बुडवून पुढे धरली. त्यानं ती चाटून पुसून घेतली.

"त्याले तुम्हीच पाहिजे, आई," उत्तरा हसत म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते बाईंनी तेव्हाच ओळखलं. दोन वर्षं त्यांनी तोच सल तर मनात पोसला होता.

'तुम्हीच पाहिजे' हे ऐकायला त्या तळमळल्या होत्या. आता ऐकवेना. भुऱ्या त्यांची दुसरी मूठ हुंगत होता.

"मले नाही वं, कोय शोधून राहिला तो," त्या म्हणाल्या. "मीच देत होती त्याले. चोरून."

उत्तरा बघतच राहिली. "काहून?"

"तो तुयापाशी निजते म्हणून," प्रयागबाई म्हणाल्या आणि पेजेची वाटी तिच्या हातात दिली.