फ्रान्सचं बिस्कीट

सरूबाईनं करंगळीचं टोक भट्टीच्या पत्र्यावर घातलेल्या पिठाच्या गोल टिकलीला अलगद टेकवून पाहिलं. बोट चिकट झालं. लागोपाठ तिसऱ्या बुधवारी बदाम, साखर आणि अंडी वाया जाणार, हे तिला तिथंच कळून चुकलं.

लोणावळ्यातल्या त्या बंगल्यात रेल्वेच्या इंजिनियरसाहेबाची फ्रेंच मडम दर बुधवारी चार बायकांना भट्टीतले पदार्थ शिकवी. सरूबाई तिथं भांडी घासायला होती. पण अंड्यांचा पांढरा भाग फेसता फेसता त्या चौघींचे हात भरून आले, की मडम तिला हाक मारी. जन्मभर ताक घुसळलेले हात ते! भांडं उपडं केलं तरी जागचा हलणार नाही असा फेस ती काढून देई. अशी ती मोरीवरून टेबलापाशी आली, आणि मडमनं बदामाचं बिस्कीट शिकवायला घेतल्यापासून तर काही केल्या तिथून हटेना.

बिस्किटाची गोम एकच होती. टिकल्या घातल्या की त्यांच्यावर सुकून साय धरली पाहिजे, मगच पत्रा भट्टीत जायचा. नाहीतर तडकून सगळ्याचा विचका. आणि हे भाद्रपदातलं लोणावळं! भिंतींना ओल, बरणीतलं मीठ पाझरतंय, तिथं साय कुठून धरणार?

"तुमारा लोनावला बहोत खराब," मडम वैतागून म्हणाली.

"मडम, जरा थांबा. म्या करते."

सरूबाईनं मागच्या पडवीतून शेगडी आणली, निखाऱ्यांवर राख पसरली, वर वेताचं टोपलं उपडं घातलं आणि त्यावर पत्रा ठेवला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसेनात का! मावळातल्या बाळंतिणी पावसाळाभर पोरांचे लंगोट असेच सुकवतात. तिचा मुलगा सोपान आषाढातला. त्याचे लंगोट तिनं तीन महिने टोपल्यावर उलटेपालटे केले होते. ते आठवलं आणि ती उगीचच भिंतीकडे तोंड करून शेगडी सारखी करत राहिली.

अर्ध्या घटकेनं तिनं पुन्हा करंगळी टेकवली. बोट कोरडं आलं. भट्टीतून पत्रा निघाला तेव्हा एकही बिस्कीट तडकलं नव्हतं. मडमनं टाळ्या वाजवल्या आणि काय हवं ते माग म्हणाली. सरूबाईनं सहा बिस्किटं मागितली. चौघींना वाटलं, म्हातारीला खायची हौस आली.

हौस कसली डोंबलाची! सोपान लढाईवर गेला तो खेचरांच्या पलटणीत, फ्रान्सात. तो पौषात थंडीतापानं वारल्याचा सरकारी कागद तिच्या गावी, औंढ्याला आला. त्यामागून त्याचं पत्र आलं, ते माघातलं. सोपानला लिहिता येत नव्हतं. त्याची सगळी पत्रं त्याच्याच पलटणीतल्या, गावच्याच कोंडाजीच्या हातची असत. या पत्रात होतं, 'हितल्या एका म्हातारीनं बदामाचं बिस्कीट दिलं. वरून कडक, आत मऊ. आये, तुला घिऊन यीन.' सरूबाईनं शाळेच्या मास्तरांकडून दोन्ही कागद तीनतीनदा वाचून घेतले. मेलेला माणूस महिन्यानं बिस्कीट खातो होय? सरकारचीच चूक झाली होती. लढाई संपून वर्ष होत आलं, तरी सुनेच्या, रतनच्या हातातल्या बांगड्या तिनं उतरू दिल्या नव्हत्या. टाकव्याहून रतनचा बाप दोनदा आला. पोर एकोणीस वर्षांची आहे, तिचा पाट लावतो म्हणाला. दोन्ही वेळा सरूबाईनं त्याला वाटेला लावलं.

मास्तरांना मात्र शंका होती. वरून कडक आणि आत मऊ असं बिस्कीट नसतंच, कोंडाजीनं मनानं लिहिलं असेल, असं ते म्हणाले होते. उन्हाळ्यात कोंडाजी लंगडत परत आला. तिनं विचारलं, तेव्हा "व्हय, मावशी, त्यानंच सांगितलं" एवढं बोलला आणि त्या दिवसापासून तिची आळीच टाळू लागला. आता बिस्कीट तिच्या पदरात होतं. कोंडाजीनं एकदा खाऊन हेच ते म्हणावं, म्हणजे मास्तरांचं आणि टाकवेकरांचं तोंड कायमचं बंद.

संध्याकाळी तिनं त्याला बोलावणं धाडून ओसरीवर बसवलं. रतन दाराशी उभी राहिली.

"खा," सरूबाई म्हणाली.

कोंडाजीनं एक तुकडा तोडला. त्याचा जबडा हलता हलता थांबला.

"मावशी, ह्ये कुटनं आणलंस?"

"म्या केलंय. हेच का ते?"

"हेच. आत आस्संच वलं हुतं."

"ऐकलंस, रतन?" सरूबाईचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

कोंडाजीचं लक्षच नव्हतं. उरलेला अर्धा तुकडा तळहातावर धरून तो त्याच्याकडेच बघत होता.

"म्हातारीनं मला दोन दिली हुती," तो म्हणाला. "येक म्या खाल्लं. दुसरं सोपानला निऊन ठिवलं."

"ठिवलं? म्हंजी कुटं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "त्याला अग्नी दिल्याला, तितं. त्याला जाऊन म्हैना झालता. तुला तसं लिवायला हात उठंना, मावशी. म्हून मग ह्ये लिवलं."

सरूबाई जात्याच्या खुंट्याला धरून खाली बसली. तिनं विचारलं,

"लाकडं कोरडी मिळाली हुती का रं?"

"व्हय. बर्फ हुता, पर आमी समद्यांनी मिळून हुडकून आणली."

तिनं मान हलवली. उरलेली बिस्किटं तिनं त्याच्यापुढं सरकवली.

"रतन," ती म्हणाली, "उद्या टाकव्याला सांगावा धाड. तुज्या बाला म्हनावं, न्यायला ये."

रतन जागची हलली नाही. तोंडात पदर कोंबून ती दाराशीच रडत राहिली.