दहापैकी दहा

मधलीला कुणी "काय शिकतेस गं?" असं विचारलं की ती वैतागायची. थोरलीचं बरं होतं. थोरली नर्स, दोन अक्षरांत विषय संपला. धाकटी अजून शाळेत, तिला कुणी काही विचारतच नव्हतं. मधलीचं मात्र सगळंच मधलं. एकाच पदवीत निम्मा व्यवसाय, निम्मं तंत्रज्ञान. आणि वर पुन्हा चार महिने वर्गात बसायचं, चार महिने कुठंतरी खरीखुरी नोकरी करायची, मग परत वर्गात. याला को-ऑप म्हणतात, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. मामा दर वेळी सगळं नीट ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हणजे तू कॉम्प्युटर विकणार, असंच ना?"

"हो मामा," ती म्हणायची. किती डोकं फोडून घ्यायचं माणसानं?

या नोकऱ्या विद्यापीठ हातात आणून देत नाही बरं का. आधी अर्ज, मग मुलाखत, आणि मग आकड्यांचा खेळ. कंपनी मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला एक ते दहामधला आकडा देते. एक म्हणजे हाच हवा. दहा म्हणजे हा मुळीच नको, फुकट दिला तरी नको. मधले आकडे म्हणजे बघू, दुसरा कुणी नाही मिळाला तर. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हे पोरांच्या डोक्यात असं ठोकून बसवतात की त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगतील. ज्याला कुठंच काम मिळालं नाही त्याचं सत्र बुडतं आणि तो मागच्या तुकडीत जातो.

मधलीला या वेळी एकच जागा हवी होती. तिनं अर्ज पुष्कळ केले होते, पण मन एकाच ठिकाणी अडकलं होतं. शहराच्या टोकाला, टायरच्या दुकानामागं, एक छोटा कारखाना होता. जिना चढता न येणाऱ्यांसाठी तिथं खुर्च्या बनवत. कठड्याच्या बाजूनं रूळ बसवायचा, त्यावर खुर्ची. माणूस बसला, बटण दाबलं, की खुर्ची सरसर वर. सरसर कसली, गोगलगायीसारखी, पण जायची वर.

मुलाखत म्हणजे काय, तर मालकांनी तिला त्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "जाऊन ये."

मधली वर जाऊन आली आणि उतरल्या उतरल्या सुटली. सुरुवातीला खुर्ची धक्का देते, ते मोटरमुळे नाही, आतल्या प्रोग्रॅममुळे असणार. वेग एकदम देण्याऐवजी हळूहळू वाढवता येईल. आणि हो, ही तुम्ही विकताच का? ज्याचा पाय मोडलाय त्याला ती तीनचार महिनेच लागणार, त्याला भाड्यानं का देत नाही? बोलता बोलता तिला एकाएकी कळलं, की आपण जे काही धड सांगता न येणारं शिकतोय ते हेच. एका खुर्चीत दोन्ही बसलंय. मामाला इथं आणून बसवलं पाहिजे.

मालक डोक्याला हात लावून ऐकत होते. जाताना म्हणाले, "पोरी, तू तर मलाच नोकरीवर ठेवशील."

ती तरंगतच घरी आली. "मिळालंच समज," तिनं आईला सांगितलं. आईनं थोरलीला सांगितलं, थोरलीनं मामाला. आमच्या माणसांच्या पोटात काही राहतं का?

निकालाच्या दिवशी सकाळी तिनं लॅपटॉप उघडला. कारखान्याच्या नावासमोर तिचा आकडा होता दहा.

तिला आधी वाटलं, एकापुढं चुकून शून्य पडलंय. मग पान पुन्हा उघडलं, पुन्हा दहा. फुकट दिली तरी नको. ती स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. फार शहाणपणा केला का आपण? पहिल्याच भेटीत माणसाला त्याच्या खुर्चीतल्या चुका सांगायच्या असतात का? आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांना अक्कल नाही." पण आईचासुद्धा चेहरा पडला होता, आणि ते तिला जास्त लागलं.

त्यात भर म्हणजे जागा कुणाला मिळाली, तर सायलेंटला.

सायलेंट तिच्याच वर्गातला. खरं नाव होतं त्याला, पण ते हजेरीपुरतं. फोन जसा सायलेंटवर टाकतात तसा हा पोरगा जन्मतःच टाकलेला, असं वर्गात म्हणत. प्रश्न विचारला की त्याचे कान लाल व्हायचे आणि तो चपलांकडे बघत बसायचा. कारखान्यात त्याची मुलाखत तिच्या आधी होती. दार अर्धवट उघडं होतं. मालक बोलत होते, आणि आतून दुसरा आवाज काही येत नव्हता. आणि त्याला एक! मधलीला राग आला, चांगला सणसणीत आला. ती वाईट मुलगी होती अशातला भाग नाही, पण राग यायला काय वाईटच असावं लागतं?

दुसऱ्या फेरीत उरलंसुरलं काम होतं, एका बँकेच्या तळघरात जुनी कागदपत्रं स्कॅन करण्याचं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. त्याआधी एकदा जाऊन मालकांना विचारावं, माझं चुकलं काय, असं तिनं ठरवलं. थोरली म्हणाली, "जाऊ नकोस, शोभा होईल." मधली म्हणाली, "झालीच आहे, आता आणखी काय व्हायची राहिलीय?" आणि बस पकडली.

कारखान्यात शिरली तर मालक हात पसरून पुढं आले. "ये ये! अगं, सोमवारी यायचंस ना? तोही पठ्ठ्या आजच येऊन बसलाय. म्हटलं विद्यापीठानं दोघं पाठवली की काय!"

"मी कशी येणार?" मधली म्हणाली. "तुम्ही मला दहा दिलेत."

"मग! दिलेच!" मालकांची छाती फुगली. "दहापैकी दहा! आयुष्यात कुणाला दिले नव्हते. विद्यापीठातल्या बाईंचा फोन आला, म्हणाल्या, एक ते दहामधला आकडा सांगा. मी म्हटलं, त्या बडबड्या मुलीला दहा, डोळे मिटून. त्या म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, अकरा असते तर अकरा दिले असते!"

मधलीला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोन्ही एकदमच आलं. ती नकोशी नव्हती. ती अजिबात नकोशी नव्हती! तिनं त्यांना आकड्यांचा सगळा उलटा कारभार समजावून सांगितला. मालकांचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

"आणि त्या पोराला मी..." ते खुर्चीवर बसले. "अगं, तो तोंडच उघडेना. मी म्हटलं, एक नंबरचा घाबरट आहे, पण शून्य कसं द्यायचं बिचाऱ्याला? म्हणून एक दिला."

त्यांनी लगेच विद्यापीठाच्या बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, चूक झालीय खरी, पण मुलानं होकार दिलाय. आता जागा त्याची. त्यानं आपणहून सोडली, तरच मुलीला देता येईल.

मालकांनी फोन ठेवला आणि मधलीकडे बघितलं. "तुझा वर्गमित्र आहे तो. तूच सांग."

"मी? आकडा तुम्ही दिलात!"

"मला नाही बाई जमायचं," मालक म्हणाले, आणि कुठलंसं ड्रॉवर उघडून त्यात डोकं खुपसून बसले. खुर्च्या इतक्या मजबूत बनवणारा माणूस, पण वेळ आली की असा शेपूट घालतो.

मागच्या बाजूला नमुन्याचा जिना होता. नुसताच जिना, वर काही नाही. सायलेंट तिसऱ्या पायरीवर बसून रुळाचा सांधा फडक्यानं पुसत होता. तिला बघून उभा राहिला. कान लाल झालेच.

"तू इथं?" तो म्हणाला. मग नेहमीसारखा गप्प बसेल असं वाटलं, पण नाही, पुढं बोलला. "मला एक दिला त्यांनी. बघितलंस? मला कुणी कधीच... आई म्हणाली, फोन दाखव, फोन दाखव. तिनं चष्मा लावून तीन वेळा बघितलं."

मधलीला वाटलं, परत फिरावं. पण मग बँकेचं तळघर डोळ्यांपुढं आलं, आणि मालकांचं ते दहापैकी दहा. जागा तिची होती. देवाशपथ तिचीच होती. तिनं सांगून टाकलं. शक्य तितकं गोड करून सांगितलं, पण दहापैकी एक हे कितीही साखर घातली तरी दहापैकी एकच राहतं.

सायलेंटनं फडक्याची घडी केली. मोडली. पुन्हा केली.

"म्हणजे मी शेवटचा," तो म्हणाला.

"तसं नाही रे..."

"तसंच आहे."

"तू सोडलंस तर बँकेतली जागा तुला मिळेल," ती म्हणाली, आणि तिलाच स्वतःची लाज वाटली. "बाईंशी मी बोलते. तुझं सत्र बुडणार नाही."

तो चपलांकडे बघत होता. तिला वाटलं, आता हो म्हणेल. वर्गात आजवर तो कशालाही नाही म्हणाला नव्हता. प्रोजेक्टमध्ये नको ते काम त्याच्या गळ्यात मारलं, तरी मान डोलवायचा. तिनंही दोनदा मारलं होतं. म्हणूनच तर ती इतक्या सरळपणे विचारायला आली होती.

"नाही," सायलेंट म्हणाला.

"काय?"

"नाही सोडणार." त्यानं मान वर केली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "मला इथंच यायचं होतं. मुलाखतीत माझी जीभ टाळ्याला चिकटली, म्हणून मला नको होतं असं नाही. त्यांनी कशासाठी का दिला असेना, एक दिला. मी हो म्हटलं. आता जागा माझी आहे. तू हुशार आहेस, तुला कुठंही मिळेल. मला नाही मिळणार. मी नाही सोडणार."

इतकं तो तीन वर्षांत मिळून बोलला नसेल. दारात मालक येऊन उभे होते, केव्हा आले कुणास ठाऊक. ते आ वासून म्हणाले, "अरे, हे मुलाखतीत बोलला असतास तर मी तुलाही दहा..."

"दहा नको!" दोघं एकदम ओरडली.

मालक दचकून मागं सरले. मधलीला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच, आणि सायलेंटलाही. क्षणभरच. मग ते सरलं.

मधली भांडू शकली असती. तोंड होतं तिला. पण काय म्हणून भांडणार? त्याच्या जागी ती असती तर ती तरी हलली असती का? छे, रुळाला धरून बसली असती.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. आणि पर्स खांद्याला अडकवून निघाली.

बसस्टॉपवरून तिनं बाईंना फोन केला आणि बँकेसाठी होकार कळवला. बाई म्हणाल्या, वाईट वाटलं गं. मधली म्हणाली, असू दे.

घरी आई पोळपाट पुढं घेऊन बसली होती. थोरलीही ड्यूटीवरून आलेली, पाय वर घेऊन पडली होती. दोघींनी एकदमच विचारलं, "काय झालं?"

"मला दहापैकी दहा दिले होते," मधली म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं!" आईचं लाटणं हवेतच राहिलं. "मग काम?"

"काम त्या मुलाला. ज्याला एक दिला त्याला."

आई थोरलीकडे बघायला लागली, थोरली आईकडे. मधलीनं सगळं सांगितलं. आईला आकड्यांचं काही कळलं नाही, तिनं तो नाद सोडूनच दिला. "पण तो मुलगा कोण एवढा?" तिनं चिडून विचारलं. "आणि तू गप्प ऐकून घेतलंस?"

"आजवर तो गप्प बसायचा, आम्ही त्याला सायलेंट म्हणायचो," मधली म्हणाली. "आज बोलला. तेही माझ्याविरुद्ध." ती हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. थोरली उठून जवळ आली. जागा गेली म्हणून रडू येतंय, असं सगळ्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. पण तो मुलगा बोलत असताना त्याच्या जागी आपणच बोलतोय असं तिला वाटलं होतं, आणि म्हणूनच ती त्याला "बरोबर आहे तुझं" म्हणून आली होती.