एका कवडीला

टहिलराम हे माझ्या वडिलांचं नाव. ते फाळणीत सिंधमध्येच मारले गेले, त्यांचं नाव तेवढं माझ्याबरोबर आलं. ते मी मुलाला दिलं. इथे कारंजा गावात कोणाला ते उच्चारता येईना. न येवो! मी बदलणार नव्हते.

पण आधीची दोन लेकरं निर्वासितांच्या छावणीत दगावली होती, आणि आता याचं अंग तापलेलं. पाणी घेऊन आले तर झोळी रिकामी. धावत परसात गेले. शेजारची रामबाई माझ्या बाळाला सुपात घेऊन उकिरड्यावर उभी होती.

"हा आता माहा हाये," म्हणत तिनं माझ्या हातात एक कवडी ठेवली.

मी किंचाळले. पळापळीत लेकरं हिसकावणारे हात मी पाहिले होते.

"भिऊ नको वो बाई! तुह्या घरचं लेकरू मरणाले दिसते. म्हणून इकत घेतला म्या. याचं नाव कवडू. तू फक्त सांभाळ."

ताप उतरला. पोर चालायला लागलं, आणि एकदा थेट विहिरीकडे निघालं. वडिलांचं नाव ओठांवर आलं. मरणाला ऐकू जाईल म्हणून मी ते गिळलं.

"कवडू!"

तो लगेच वळला.