एका टॉवरवरचं गाव

माझा धाकटा भाऊ तेमिरकुल गेला तेव्हा त्याची एकुलती एक लेक बुरुल मॉस्कोत होती. तिथं ती एका दवाखान्यात फरशा पुसते. तिच्या कागदांची मुदत संपलेली. एकदा निघाली की परत आत घेत नाहीत, आणि माझ्याकडे वाढणारी तिची दोन पोरं त्याच पगारावर जगतात. त्यामुळे तिचं येणं नव्हतंच.

आमच्यात बाप गेला की लेकीनं कोशोक गायचा असतो. अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभारतात, आत पडद्यामागं त्याला ठेवतात, आणि लेक दाराकडे पाठ करून त्याचे गुण गात रडते. लेकीचा आवाज न ऐकता बाहेर पडला तो उपऱ्यासारखा गेला, असं आम्ही मानतो. म्हणून बुरुल जिथं बसून गायली असती त्या गादीवर मी तेमिरकुलचाच फोन उशीला टेकवून ठेवला.

बुरुल दिसली, "बाबा" एवढं म्हणाली आणि तिथंच थिजली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नुसता आवाज लावून पाहिला, तर तोही तुकड्या-तुकड्यांनी यायचा.

गावभर फोनची स्वस्त कार्डं विकणारा दुकानदार कुबात बाहेर चहाच्या समोवारापाशी उभा होता. त्याला गाठलं.

"मेल्या, परवापर्यंत बाप-लेक तासन् तास बोलत होते की!"

"काकू, तेव्हा टॉवर मोकळा होता. आपलं कार्ड स्वस्त का? टॉवर आपल्या कंपनीचा नाहीच. ती दुसऱ्याच्या टॉवरवर भाड्यानं राहते. गर्दी झाली की आधी मालकाची गिऱ्हाईकं, मग आपण. भाडेकरूचं मेंढरू शेवटी पाणी पितं, तसं."

"मग मालकाच्या कंपनीचा फोन आण कुणाचा तरी."

"दोघांचे लावून पाहिले. तेही रडतखडत चालतात. टॉवर एक, आणि माणसं बघा किती!"

मी पाहिलं. अंगणात, रस्त्यात, कुंपणावर माणसंच माणसं, आणि जो तो फोन उंच धरून उभा. माझं डोकंच फिरलं.

"रडायला आलात की सिनेमा काढायला? बंद करा ते!"

शेजारची सोनुन पुढं आली. "अक्का, माझा पोरगा सायबेरियात आहे. लहानाचा मोठा झाला तो तेमिरकुलदादांच्या गाडीत. त्यालाही रडायचंय हो."

तेमिरकुल शाळेची गाडी चालवायचा. त्या गाडीत बसलेली निम्मी पोरं आज रशियात आहेत. त्यांना मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? जन्मभर लावलेली मायाच त्याच्या लेकीच्या आड आली होती. तरी माझ्या तोंडाला घाबरून बऱ्याच जणांनी फोन खिशात घातले. पण नवी गाडी यायची, नवे पाहुणे उतरायचे, नवे फोन निघायचे.

मुल्ला जमेल तेवढा थांबला. ऊन कलायला लागलं तेव्हा म्हणाला, "अक्का, आता नाही थांबवत." पडदा सरकवला, माझ्या भावाला उचललं. फोनमध्ये बुरुलचं तोंड तसंच उघडं होतं.

आमच्या बायका कबरीवर जात नाहीत. पुरुष डोंगरापलीकडे गेले, त्यांच्या गाड्या गेल्या, फोनही गेले. बाया चुलीकडे वळल्या. तंबूत मी एकटी उरले, आणि फोन बोलला.

"आत्या? आत्या, येतंय का ऐकू? बाबा आहेत ना अजून?"

चेहरा लख्ख दिसत होता, हनुवटीवरच्या तिळासकट. मी झटकन कॅमेऱ्यावर तळवा ठेवला.

"आहेत गं. नेट नाही, चित्र नाही यायचं. आवाज जातोय. गा तू."

दिवसभर त्या नेटला शिव्या घातल्या होत्या. खोटा आळ मात्र आत्ता घेतला.

ती गायली. हिवाळ्यात इंजिन तापावं म्हणून पहाटे उठणारा बाप, स्वतःचा कोट परक्याच्या पोराला पांघरणारा बाप, घाटात गाणी म्हणणारा बाप. एक शब्द तुटला नाही. त्या रिकाम्या जागेसमोर बसून मी ढसाढसा रडले.

गाणं संपलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, हात काढ आता. तुझ्या बोटांतून उजेड येतोय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी हात काढला, आणि फोन उचलून पडद्यामागची जागा तिला दाखवली.