सगळ्यांची बाटली

मी बोलतेय, पोटाच्या औषधाची गुलाबी बाटली. हसू नका. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेलच, नाहीतर ऑफिसच्या खणात तरी.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात बाटल्यांचा पट्टा रात्रंदिवस चालायचा, तरी बाटल्या कमी पडायच्या. खोकी भरभरून देशभर जायची. तेव्हापासून मला एकच धास्ती आहे. एवढ्या माणसांच्या पोटात बिनसलंय तरी काय?

मी आले एका शिवणकारखान्यात. पंख्याच्या बटणाखालची फळी ही माझी जागा. तिथे माझ्याआधीची बाटली रिकामी पडली होती. कचऱ्यात जाता जाता ती म्हणाली, "कटिंग मास्तरांकडे लक्ष ठेव."

इथे जेवायची सुट्टी वीस मिनिटांची. ऑर्डर आली की तीही गुल. मग चहावर चहा, आणि चारच्या सुमारास सगळ्यांच्या पोटात आग. "ए, बाटली दे जरा!" की मी या हातातून त्या हातात. माझं मापाचं झाकण पहिल्याच दिवशी मशीनखाली गेलं. कुणी शोधलंही नाही. वरूनच घटाघटा ओतायचे.

कापड कापणारे हे मास्तर थट्टेत कुणाला हार जायचे नाहीत. "आपलं पोट म्हणजे लोखंड!" म्हणायचे. पण बाकीच्यांनी मशीनवर मान घातली की मला ताग्यांआड न्यायचे आणि एका हाताने पोट आवळून धरायचे. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी दोन नवी भोकं पाडली होती. माझा जीव टांगणीला लागायचा. पण माझं तोंड फक्त ओतायच्या कामाचं.

बाटली सगळ्यांची, म्हणून कोण किती पितं याचा कुणाला पत्ताच नव्हता.

शंका आली ती इस्त्रीवाल्या मावशींना. "काल फोडलेली बाटली आज निम्मी?"

"सगळेच पितो की, मावशी!" सगळे हसले.

मावशींनी कापडावरच्या खडूने माझ्या लेबलवर रेघ ओढली आणि दुपारभर इस्त्री फिरवत माझ्यावर डोळा ठेवला. संध्याकाळी मी तळाला गेले होते. बाकीच्यांनी एकेक घोट घेतला होता; पुन्हा पुन्हा फळीपाशी आले होते ते एकटे मास्तर.

सकाळी मावशींनी मला पिशवीत टाकलं.

"मावशी, ऑर्डर पडलीय," मास्तर म्हणाले.

"कापड कुठे पळून जात नाही. चला मुकाट्याने."

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. ज्याला बघावं त्याचा हात पोटावर. डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं. "ही बाटली घेऊन आलेले आजचे तुम्ही अकरावे. किती दिवसांत संपते?"

"सगळे पितात," मास्तर म्हणाले.

"एकटे पितात," मावशी म्हणाल्या.

"शौचाला काळं होतं का?"

मास्तरांनी थट्टा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग खाली बघत म्हणाले, "दोन महिने झाले."

"म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय," म्हणत डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली, आणि मावशींनी ती मास्तरांच्या आधी उचलली.

दुर्बिणीची तपासणी झाली. आतला एक तुकडा तपासायला गेलाय. उत्तर शुक्रवारी.

मी पुन्हा फळीवर आहे, रिकामी. मावशी मला फेकू देत नाहीत. शेजारी नवी बहीण आलीय आणि सकाळपासून तिघांनी तिला उचललंय. मला फार भीती वाटते हो. मी आग तेवढ्यापुरती निववते, ती का लागली ते मला कळत नाही. तुमच्या घरातल्या बाटलीवर आज एक रेघ ओढा, आणि ती कोण पितं ते बघा.

मास्तरांची कात्री टेबलावर तशीच पडलीय. आज मंगळवार आहे.