उडी मारणाऱ्याचा चेहरा

"दोन मीटर एक्केचाळीस," फिक्री छज्ज्यावरून ओरडला. "एक सेंटिमीटर जास्त भरतंय."

"टेप सैल धरलीय तुम्ही, साहेब. जरा ताणा."

शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या चित्रकार उस्ता मौहूबने टेपचे दुसरे टोक भिंतीवर रंगवलेल्या नायकाच्या केसांच्या रेषेवर अंगठ्याने दाबून धरले होते. फिक्रीने टेप ताणली. दोन मीटर चाळीस बरोबर भरले. त्याने खिशातला करारनामा उलगडला आणि पेन्सिलीने एक खूण केली.

करारनाम्यात सगळे लिहिलेले होते. अदहम नज्मीचा चेहरा मध्यभागी, हनुवटीपासून केसांपर्यंत दोन मीटर चाळीस. त्याचे नाव सर्वांत वर आणि एकट्याचे. दुसरा कोणताही चेहरा त्याच्या निम्म्याहून मोठा नसावा. हे मोजण्यासाठीच नायक अदहम नज्मी दर ईदेला फिक्रीला कैरोहून तांता शहरात पाठवत असे, आणि फिक्रीजवळ स्वतःची टेप असे.

"खलनायक?"

"एक मीटर दहा."

"आणि हिरॉइन?"

"एक मीटर एकोणीस. तिचा नवरा टेप घेऊन आला तर त्यालाही हेच सांगा."

फिक्री हसला नाही. रमजानचा शेवटचा दिवस होता. उन्हाळ्यातला उपास दुपारी चारनंतर माणसाच्या चेहऱ्यावर दिसू लागतो; फिक्रीच्या मात्र दिसत नव्हता. तो मघाशी दोनदा तिकीटघराच्या मागे जाऊन आला होता आणि येताना त्याच्या कोटाला तंबाखूचा वास होता. मौहूबला तो वास आला होता. एकसष्टाव्या वर्षी, पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता, तो सकाळपासून परांचीवर चढत-उतरत होता.

"मापं चोख आहेत," फिक्री म्हणाला. "रस्त्यापलीकडून एकदा बघतो आणि सही करतो."

छज्ज्यावर उभ्या असलेल्या माणसाला चित्राचा वरचा भाग दिसत नाही. मौहूबला हे ठाऊक होते. तो शिडीवरून उतरला, हातावरचा लाल रंग चिंधीला पुसला आणि वाट पाहू लागला.

चौतीस वर्षे तो या थिएटरच्या दर्शनी भिंतीवर चित्रे रंगवत होता. मारामारीचे आणि गुन्हेगारीचे चित्रपट ही त्याची खासियत. प्रेमाच्या चित्रपटाला दोन चेहरे आणि एक गुलाबी आकाश पुरते, असे तो म्हणे. तिथे मेहनत नसते. गुन्ह्याचे चित्र निराळे. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस चौक ओलांडेपर्यंतच आपल्या हातात असतो. तेवढ्यात त्याच्या मनात 'मग काय झाले?' एवढाच प्रश्न उभा करायचा. उत्तर तिकीटघरात मिळते. म्हणून मौहूब मृतदेह कधी रंगवत नसे. मेलेल्या माणसाबद्दल विचारण्यासारखे काही उरत नाही. तो उगारलेला सुरा रंगवी, अर्धवट उघडलेले दार रंगवी, पिस्तुलाच्या घोड्यावर टेकलेले आणि अजून न दाबलेले बोट रंगवी. पिस्तुलाची नळी तो अशी वळवी, की चौकातल्या प्रत्येकाला ती आपल्याचकडे रोखलेली वाटे. आणि या वेळी त्याने सर्वांत वर, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, हवेत झेपावलेला एक माणूस रंगवला होता.

फिक्री रस्त्यापलीकडे पोचला. कॉफीघर सूर्यास्तापर्यंत बंद होते, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्यांतली एक काढून मौहूबचा जुना दोस्त शिहाता बसला होता. त्याच्या दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. फिक्रीने मान वर केली. मग त्याने उन्हाच्या आड हात धरला.

"हा कोण?"

"उडी मारणारा," मौहूबने रस्त्याच्या अलीकडूनच उत्तर दिले.

"ते दिसतंय मला! उडी अदहमसाहेबांनी मारलीय. हा त्यांचा चेहरा नाही."

"अदहमसाहेबांचा चेहरा खाली आहे की. दोन मीटर चाळीस. तुम्हीच मोजला. वरचा साठ सेंटिमीटर आहे, निम्म्याहून कितीतरी लहान. कागदात बघा, उडी कोणाच्या तोंडानं मारायची ते लिहिलंय का?"

फिक्रीने खरोखरच कागद उघडला. मग त्याची नजर खुर्चीतल्या माणसाकडे गेली, तिथून भिंतीकडे, आणि पुन्हा खुर्चीकडे.

शिहाता कापसाच्या गिरणीत हमाल होता. तरुणपणी तो गाठींच्या राशीवरून पैजेने उड्या मारायचा. मौहूबने त्याला प्रथम तिथेच पाहिले आणि आपल्या अंगणात आणून उभे केले. तेव्हापासून वीस वर्षे मौहूबच्या चित्रात जो कोणी कोसळला, गोळी लागून मागे झुकला, गच्चीच्या कठड्याला लोंबकळला, त्याचे शरीर शिहाताचे होते. मानेच्या वर मात्र दरवेळी दुसरा कोणी असे. पुढे त्या शरीराची गरज चित्रपटवाल्यांनाही भासली आणि शिहाता कैरोला जाऊ लागला. तिथेही व्यवस्था तीच होती.

गेल्या पानगळीत अलेक्झांड्रियातल्या एका पिठाच्या गिरणीच्या छपरावरून त्याने अदहम नज्मीचा कोट घालून उडी मारली. खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास रचली होती. कॅमेऱ्यात कोपरा दिसतो म्हणून कोणीतरी एका बाजूची खोकी हलवली, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे राहून गेले. शिहाता सात महिने इस्पितळात होता. अदहम नज्मीच्या कार्यालयातून त्याला अदहम नज्मीचा सही केलेला फोटो आला. त्याच महिन्यात एका सिनेमासिकात मुलाखत छापून आली, की ती उडी नायकाने स्वतः मारली आहे आणि त्याला खरचटलेसुद्धा नाही.

मुलाखत मौहूबने दोनदा वाचली होती. मग उडीच्या चित्राची फळी जमिनीवर आडवी टाकून तिच्यावर शिहाताचा चेहरा काढायला चौकोन आखले होते.

गलका ऐकून थिएटरचे मालक हाजी बसयूनी बाहेर आले. त्यांच्या हातात जपमाळ होती आणि ती नेहमीपेक्षा वेगाने फिरत होती.

"काय करून ठेवलंस हे, उस्ता? उद्या ईद! अल्लाच्या कृपेनं पाच खेळ लागायचेत, आणि तू—"

"हाजी, मागे बघा."

मागे लोक थांबले होते. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, हलव्याच्या दुकानातली माणसे, मिठाईच्या पराती डोक्यावर घेऊन भट्टीकडे निघालेल्या दोघी बहिणी. कोणी अदहम नज्मीकडे पाहत नव्हते. सगळ्यांच्या माना वर होत्या.

"अगं, हा तर आपला शिहाता!"

"भ्यायलाय बघ कसा. तरी उडी मारतोय."

"मग? तू असतीस तर काय गाणं म्हटलं असतंस?"

हाजींनी लोकांकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि जपमाळेचा वेग कमी झाला. ते चाळीस वर्षे या धंद्यात होते. नायकाचा चेहरा कधी भीत नाही, आणि जो भीत नाही तो पडेल की काय अशी धास्ती कोणाला वाटत नाही. वरचा माणूस मात्र भीत होता. हे हाजींना शब्दांत सांगता आले नसते, पण गर्दी त्यांना वाचता येत होती.

"पुसा ते," फिक्री म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. चुना मारा आणि अदहमसाहेबांचं तोंड काढा."

"नाही काढणार," मौहूब म्हणाला.

शिहाताने कुबड्या घेतल्या आणि तो रस्ता ओलांडून आला. त्याला वेळ लागला. 

"पुसून टाक, गड्या," तो हळू आवाजात म्हणाला. "मला विचारलंस तरी का? माझ्यापायी या वयात धंदा घालवून बसशील. मी काय, कुबड्या घेऊन फिरतोय; माझं आता कोण काय वाकडं करणार?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास. म्हणूनच नाही विचारलं."

"तोंड माझं आहे की नाही?"

"आहे की. म्हणून तर जागेवर लावलंय. वीस वर्षं तुझ्या धडावर दुसऱ्यांची मुंडकी चिकटवत आलो मी, शिहाता. हे पाप काही अदहम नज्मीचं नाही, माझ्या हातचं आहे. तू मला त्याच्यासाठी शिव्या घाल, याच्यासाठी नको."

 शिहाताने मान वर केली आणि प्रथमच नीट पाहिले.

"नाक जरा मोठं काढलंयस," तो शेवटी म्हणाला.

"आहेच मोठं."

गर्दीत कोणीतरी हसले. फिक्रीचे कान लाल झाले. त्याने आसपासच्या माणसांना एकेक करून विचारले: कोण चढतो वर, चुन्याची बादली घेऊन? हलवायाच्या माणसाने उपासाचे कारण सांगितले. दुसऱ्याने गुडघ्याचे. थिएटरचा द्वारपाल म्हणाला, "मला तर साहेब, उंचीवरून फेस येतो तोंडाला," आणि तो अगदी गंभीर होता.

"पुसायचंच असेल तर तुम्ही चढा," मौहूब म्हणाला. "परांची भक्कम आहे. मी स्वतः बांधलीय."

फिक्रीने कोट काढून द्वारपालाच्या हातात दिला. बादली दंडाला अडकवून तो चढू लागला. पहिला मजला त्याने तावातावाने गाठला. दुसऱ्यावर तो अदहम नज्मीच्या कपाळाशी थबकला. तिसऱ्याच्या अर्ध्यावर त्याने खाली पाहिले, आणि त्याचे दोन्ही हात बांबूला असे आवळले गेले की बादली निसटून खालच्या रिकाम्या फुटपाथवर आदळली. चुना पसरला. लोक मागे सरले. कोणी हसले नाही.

"उस्ता," वरून आवाज आला. आवाजात आता कैरो नव्हते. "उस्ता, मला उतरता येत नाही."

मौहूब परांचीकडे धावला. पण शिहाता त्याच्याआधी बोलू लागला होता.

"साहेब, ऐका. खाली बघू नका. समोर भिंतीला काय दिसतंय तुम्हाला?"

"कान... कोणाचा तरी कान आहे."

"खलनायकाचा असणार. त्याच्याकडेच बघा. आता डावा पाय खाली घ्या. पाय शोधेल, तुम्ही शोधू नका. टेकला? आता हात. एका वेळी एकच काहीतरी हलवायचं, बाकी तीन जागच्या जागी. घाई नाही. उपास सोडायची तोफ वाजायला अजून वेळ आहे."

"पाय थरथरतोय."

"थरथरू दे. माझाही थरथरायचा. दरवेळी."

असे एकेक पाऊल सांगत शिहाताने त्याला खाली आणले. मौहूब अर्ध्यावर चढून मागे उभा राहिला होता, पण हात लावायची वेळ आली नाही. फिक्री जमिनीवर उतरला, फुटपाथच्या कडेला बसला, आणि बराच वेळ आपल्या तळव्यांकडे पाहत राहिला. त्याचे बूट चुन्याने पांढरे झाले होते.

मग तोफ वाजली. कॉफीघराचे दार उघडले, खुर्च्या खाली आल्या. हाजींनी खजुरांचे ताट फिरवले. ते फिक्रीसमोरही धरले. त्याने एक खजूर घेतला, आणि मौहूबला वाटले, हा आज त्याचाही पहिलाच घास आहे असे समजून चालावे.

"तुमच्याशी माझं वैर नाही, उस्ता," फिक्री पाणी पिऊन म्हणाला. "तुमच्याशीही नाही," हे शिहाताला. "पण मला जाऊन सांगावं लागेल. आणि सांगितलं की काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. कैरोत छापील कागद निघालेत, भिंतीएवढे. पुढच्या ईदेपासून तेच येतील. तुमच्या हाताचं चित्र जिथे असेल तिथे अदहमसाहेबांचा पिक्चर लागणार नाही."

हाजी ताटातल्या खजुरांकडे पाहू लागले. ते नाही म्हणतील अशी मौहूबची अपेक्षा नव्हती, आणि ते म्हणालेही नाहीत.

"कागद उन्हानं महिन्यात फिका पडतो," मौहूब म्हणाला.

"महिन्यात पिक्चरही उतरतो," फिक्री म्हणाला.

"खरं आहे. पण हे चित्र उतरणार नाही. हा पिक्चर चालेल तोवर नाही."

"नाही," हाजी खाली बघतच म्हणाले. "हे नाही उतरवत मी."

फिक्रीने करारनामा मांडीवर ठेवला. मापे चोख होती. त्याने खाली सही केली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला.

ईदेच्या सकाळी दहाच्या खेळाला पुढच्या बाकांवर मुंगीला जागा नव्हती. मौहूबने आयुष्यात प्रथमच तिकीट काढले होते, हाजींनी नको म्हटले तरी. शिहाताचेही त्यानेच काढले. पहिल्या रांगेत, मधोमध. नव्या कपड्यांचा आणि भाजलेल्या बियांचा वास कोंदला होता.

उडी मध्यंतरानंतर होती. पडद्यावर छप्पर आले, कोट घातलेली पाठ आली, आणि बाकांवरचा कल्लोळ आपोआप थांबला. माणूस धावला, कडेवरून सुटला, आणि क्षणभर नुसत्या आकाशात राहिला. चेहरा दिसत नव्हता. शिहाताने ही उडी कधी पाहिली नव्हती. जमीन येण्याआधीच चित्र तुटले, आणि पुढच्याच क्षणी अदहम नज्मी अंगावरची धूळ झटकत उभा होता.

आधी एक शीळ वाजली. मग मागून कोणी ओरडले, "शाबास, शिहाता!" आणि सगळी बाके दणाणली. अदहम नज्मी पडद्यावर काहीतरी बोलत होता; ते कोणालाच ऐकू आले नाही.

"पाय जुळलेले होते," शिहाता मौहूबच्या कानाशी म्हणाला. "बघितलंस ना? पाय बरोबर होते."

"बघितलं."

चित्रपट संपला, दिवे लागले. पहिल्या रांगेतल्यांना दोन्ही कडांनी निघून जाता आले असते, पण मधोमध बसलेल्या शिहाताला उठायला वेळ लागतो. मागच्या रांगा बघता बघता रिकाम्या झाल्या. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी दारे ठोठावू लागली. पहिल्या रांगेतली माणसे मात्र ईदेच्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून, शिहाता उभा राहीपर्यंत बसून राहिली.